मिशिंगच्या आवाजावर

आईला कोरियातल्या सोल शहराबद्दल एकच प्रश्न होता. "तिकडे कापड मीटरवर मिळतं का गं?"

भाचीला फेस मास्क हवे होते, ऑफिसातल्या दोघींना लिपस्टिक, नवऱ्याला ते लाल जिनसेंग की काय ते, आणि आईला हे. पस्तीस वर्षं ब्लाउज शिवलेली बाई, डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मशीन, तिला जगातल्या कुठल्याही गावाबद्दल पहिलं हेच विचारावंसं वाटतं. मामा दुबईला गेला तेव्हाही तिने हेच विचारलेलं. मी आपलं "बघते, बघते" म्हणून बॅगेची चेन लावली.

ऑफिसचं ट्रेनिंग होतं, आठ दिवसांचं, नोव्हेंबरमध्ये. सोल म्हणजे ९० लाखांहून जास्त लोकांचं शहर आणि आम्हाला त्यातलं दिसत होतं काय, तर कॉन्फरन्स रूम, मेट्रो, आणि रस्त्याकडेची पिवळीजर्द गिंको झाडं. (गिंकोचे फोटो सगळेच टाकतात, पण खाली पडून चेंगरलेल्या फळांचा वास कोणी सांगत नाही. तो वास मी इथे लिहीत नाही, जेवायची वेळ असेल तुमची.) हॉटेल दोंगदेमुनला होतं. दोंगदेमुन म्हणजे पूर्वेचा मोठा दरवाजा, जुन्या शहराच्या तटबंदीतला. तो दरवाजा अजून उभा आहे, चारी बाजूंनी गाड्या, मध्ये हा बिचारा. समोर झाहा हदीदने डिझाइन केलेली ती भलीमोठी चंदेरी इमारत, २०१४ ला उघडलेली, रात्री परग्रहावरनं यान उतरल्यासारखी दिसते. आणि तिच्या आजूबाजूला कपड्यांचे टॉवरच्या टॉवर.

तिसऱ्या रात्री झोपच येईना म्हणून एक वाजता खाली उतरले तर खाली दिवस चालू होता. खरंच. होलसेलची मार्केटं इथे रात्री उघडतात आणि पहाटेपर्यंत चालतात, देशभरातले दुकानदार येतात, फुटपाथवर कमरेएवढी गाठोडी, आणि मोटरसायकली. मोटरसायकलींच्या मागे लोखंडी स्टँड, त्यावर कापडाचे तागे असे रचलेले की चालवणारा माणूस मागनं दिसतच नाही, नुसता कापडाचा डोंगर सिग्नल तोडून जातोय. मी दुसऱ्या दिवशी ट्रेनिंगमधल्या कोरियन बाईंना विचारलं की हे सगळं शिवतात कुठे. चीन म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी काचेतनं बोट दाखवलं, तटबंदीपलीकडच्या टेकडीकडे. "चांगशिन-दोंग." मग म्हणाल्या, "तिथे कशाला जाताय, चढ फार आहे."

शुक्रवारी विमान रात्रीचं होतं, दिवस पूर्ण रिकामा. गेले.

दोंगदेमुन स्टेशनच्या मागच्या अंगाला सुरुवातीला खेळणी आणि स्टेशनरीची होलसेल गल्ली लागते, अगदी आपल्या अब्दुल रहमान स्ट्रीटची आठवण यावी अशी, फुगे, प्लॅस्टिकचे डायनोसॉर, वह्यांचे गठ्ठे. मग छोटा बाजार, डुकराचे पाय लाल तिखट मसाल्यात शिजवून विकणारी दुकानं, आणि मग रस्ता एकदम वर चढायला लागतो आणि गल्ल्या सुरू. इथे वर जाणारी जी छोटी बस असते तिला माउल-बस म्हणतात. माउल म्हणजे गाव. राजधानीच्या मधोमध गावबस. माझी सासुरवाडी तळेगावची, त्यामुळे पाटीवरचा तो शब्द वाचून मला मावळच ऐकू आलं आणि चढ बघता ते काही फार चुकीचं नव्हतं. मी हट्टाने बस सोडली आणि चालत निघाले, दहा मिनिटांत तोंडाला फेस.

आणि मग आवाज आला. घर्रर्र, थांबा, घर्रर्र, थांबा. हा आवाज ज्या घरात मूल वाढलंय त्याला तो झोपेतही कळतो. लांब सरळ शिलाई असेल तर आवाज सलग लांबतो, बाही जोडताना तुटक तुटक येतो, कॉलरच्या टोकाशी एक क्षण पूर्ण थांबतो कारण तिथे सुई खाली ठेवून कापड फिरवायचं असतं. मी लहानपणी आतल्या खोलीत अभ्यास करताना नुसत्या आवाजावरनं सांगू शकायचे की आई आता कुठल्या भागाशी आहे. इथे गल्लीत डावीकडे एक, उजवीकडे दोन, तळघरात एक, वरच्या मजल्यावर एक. दुकानासारखं मात्र काहीच दिसत नाही. साधी दोन-तीन मजली विटांची घरं, बाहेर कुंड्यांत मिरच्या नि कोबी, वाळत घातलेले मोजे. पण प्रत्येक खिडकीतनं एक जाडसर नळी बाहेर आलेली आणि त्यातनं थोड्या थोड्या वेळाने भस्सकन पांढरी वाफ. इस्त्रीची. थंडीत ती वाफ जास्तच दाट दिसते, अख्खी गल्ली श्वास घेतेय असं वाटतं.

असे शेकडो कारखाने आहेत या टेकडीवर. कारखाना म्हणजे काय, बहुतेक ठिकाणी तीन-चार मशिनी, पुष्कळदा नवरा-बायको दोघंच, एक कापतो-इस्त्री करतो, एक शिवते. काम असं चालतं: खालच्या मार्केटातल्या दुकानदाराने नमुना काढला, कापड दोंगदेमुनच्या कापड मार्केटातनं उचललं, मोटरसायकलने वर पाठवलं, इथे कटिंग, शिलाई, काज-बटण, इस्त्री, आणि माल परत मोटरसायकलने खाली. आज काढलेलं डिझाइन एक-दोन दिवसांत दुकानात टांगलेलं. फास्ट फॅशन, फास्ट फॅशन म्हणून आपण मोठमोठ्या ब्रँडांची नावं घेतो, त्याचं इंजिन इथे असं मिरच्यांच्या कुंड्यांमागे घरघरत असतं.

दारांवर हाताने लिहिलेले कागद चिकटवलेले. मला कोरियन वाचता येत नाही पण ट्रेनिंगच्या आठ दिवसांत अक्षरं जोडून जोडून उच्चार करण्याएवढी लिपी शिकले होते (ती खरंच सोपी आहे, एका रविवारात होते), म्हणून उभी राहून लहान मुलासारखी वाचत होते. मि-शिंग. मिशिंग-सा. शि-दा. ओ-बा-रो-कु.

ओबारोकु! मी रस्त्यात मोठ्याने हसले. ओव्हरलॉक! आईच्या तोंडात दिवसातनं दहा वेळा असलेला शब्द, "ओव्हरलॉक करून आण गं कोपऱ्यावरनं", तो जपानी तोंडातनं फिरून इथे ओबारोकु होऊन दारावर चिकटलेला. मिशिंग म्हणजे शिलाई मशीन. नंतर शोधलं तर तोही तसाच आलेला: इंग्रजी मशीनचं जपान्यांनी मिशिन केलं, कोरियनांनी मिशिंग. म्हणजे पुढचं सगळं गाळून नुसतं "मशीन" म्हटलं की शिलाई मशीनच. आमच्या घरातही तसंच होतं की. आई मशीनवर बसलीय म्हटलं की कुठल्या मशीनवर असं कोणी विचारलेलं मला आठवत नाही. मिशिंग-सा म्हणजे मशीन चालवणारी कारागीर. आणि शिदा हाही जपानीतनं आलेला, तिथल्या "खाली" या अर्थाच्या शब्दातनं. शिदा म्हणजे हाताखालची पोरगी. दोरा ओवायचा, धागे कापायचे, कॉलर उलटवून टोक काढायचं, तुकडे मोजून पुढे सरकवायचे.

आमच्या घरात शिदा मी होते. हुक-आय लावणे, अस्तराचे धागे कापणे, दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात रात्री साडेअकरापर्यंत. पगार म्हणजे झाल्यावर आइसफ्रूट. फोटो काढताना मला या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता म्हणून बरं, नाहीतर तिथेच रडले असते बहुतेक.

फोटोचं सांगायचं राहिलंच. मी एका खिडकीच्या नळीचा वाफेसकट फोटो घेत होते तेवढ्यात दार उघडून एक बाई बाहेर आल्या आणि दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे केले. नाही म्हणजे नाही. साठीच्या पुढच्या, आखूड कुरळे केस, गळ्यात टेप. टेप गळ्यात तसाच दोन्हीकडे लोंबता, सगळ्या जगात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, बरोबरच होतं त्यांचं, कोणाच्या कामाच्या जागेत असा कॅमेरा कोण घालतं. फोटो त्यांच्यासमोर डिलीट केला, वाकून वाकून माफी मागितली, आणि फोनमधल्या भाषांतराच्या ॲपमध्ये घाईघाईने टाईप केलं की माझी आईसुद्धा हेच काम करते. त्यांनी चष्मा कपाळावरनं खाली घेऊन वाचलं. "ओम्मा? मिशिंग?" मी मान हलवली. हाताने मशीन चालवून दाखवली, पायडल मारून दाखवलं. पायडलला त्या हसल्या. त्यांच्याकडे मोटरची जुकी होती, जपानी कंपनीची मशीन. जुकी आमच्या स्टेशनजवळच्या कारखान्यातही आहे, तेही सांगायचं होतं पण ॲपला एवढं जमेना.

दहा मिनिटं बसले तिथे, दारातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर, हातात कागदी कपातली ती गोड पुडीची कॉफी. आत रेडिओवर जुनी गाणी, बारक्या उंचीची खोली, भिंतीला रंगीत दोऱ्याची रिळं, जमिनीवर काळ्या कोटांच्या बाह्या, नुसत्या बाह्या, चिंधीने बांधलेल्या वीस-वीसच्या जुड्या. मागे त्यांचे यजमान इस्त्री करत होते, त्यांनी एकदा मान वर करून बघितलं आणि परत वाफ सोडली. बाई फोन घेऊन काहीतरी बोलल्या, ॲपने दाखवलं: एका नगाला किती मिळतात? मी अस्तरवाल्या ब्लाउजचा आईचा भाव त्यांच्या पैशांत करून सांगितला. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला आणि नुसतं "हं" केलं, ते "हं" बरं की वाईट कळलं नाही. मग मी त्यांचा भाव विचारला तर कॉफी पी, कॉफी पी म्हणून खूण केली. उठताना त्यांनी स्वतःच्या मानेवर, मग उजव्या खांद्यावर हात ठेवून माझ्याकडे प्रश्नार्थक बघितलं. मी माझे गुडघे दाखवले. आईचे गुडघे गेले, पायडलने. त्यांनी मान हलवली.

वर चढत राहिले. वाटेत एक जुनं कोरियन पद्धतीचं कौलारू घर आहे, नाम जून पाइक या कलावंताचं स्मारक, २०१७ ला उघडलेलं. टीव्हीचे संच रचून कलाकृती करणारा, व्हिडिओ आर्टचा बाप म्हणतात तोच. १९३२ चा जन्म, लहानपण या भागातल्या मोठ्या वाड्यात गेलं, "मोठ्या दाराचं घर" म्हणायचे लोक त्याला. आता आहे ते त्या प्रचंड वाड्याच्या आवारातलं एक लहानसं घर. मला त्याच्या टीव्हीबिव्हीपेक्षा एकच गोष्ट लक्षात राहिली, त्याच्या वडिलांचा धंदा कापडाचा होता, गिरणी होती. या टेकडीवर कापडाशिवाय कोणाची सुटका नाही वाटतं.

त्याच्याही वर गेलं की अचानक घरं संपतात आणि समोर कडा. म्हणजे सरळ उभा कापलेला दगडाचा कडा, डोंगर सुरीने कापल्यासारखा, आणि त्या कड्याच्या अगदी काठावर घरं, काही तर इतक्या टोकाला की बाल्कनीतनं कपडा पडला तर गेलाच. ही दगडाची खाण होती, जपानी राजवटीतली. इथला ग्रॅनाइट काढून त्यांनी सोलमधल्या आपल्या मोठमोठ्या इमारती उभ्या केल्या: १९१२ ची बँक, १९२५ चं रेल्वे स्टेशन, १९२६ चं गव्हर्नर-जनरलचं मुख्यालय. ते मुख्यालय राजवाड्याच्या अगदी समोर बांधलेलं, राजवाडा दिसूच नये असं. १९९५ मध्ये स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी ते पाडायला सुरुवात केली. बँक आणि स्टेशन मात्र उभी आहेत, आता म्युझियम वगैरे. म्हणजे जे बांधलं त्यातलं काही राहिलं, काही गेलं, आणि जिथनं दगड काढला ती जखम अजून तशीच, तिच्यावर लोक राहतायत. युद्धानंतर, म्हणजे १९५० ते ५३ चं कोरियन युद्ध, निर्वासितांनी या उघड्या दगडावर पत्रे ठोकून झोपड्या बांधल्या, त्याचीच पुढे ही घरं झाली.

कड्याच्या माथ्यावर आता एक छान काँक्रीटचं टेहळणीचं ठिकाण केलंय. तिथनं नजारा आहे, सगळं सोल दिसतं, पण मला तिथे फार वेळ थांबवेना, वारा कान कापत होता. एका भिंतीवर पुनर्विकासाचे बॅनर लागलेले, ते मला लिपी न वाचताही कळले, चकचकीत टॉवरचं चित्र सगळीकडे सारखंच असतं. २००७ मध्ये हा भाग पाडून नवीन वसाहत करायचं ठरलं होतं, रहिवाशांतच दोन तट पडले, आणि २०१३ ला ते रद्द झालं. मग २०१४ पासून न पाडता सुधारायचं असं ठरलं, पायऱ्या, दिवे, शिवणकामाचं म्युझियम, भिंतींवर कारागिरीच्या पाट्या. आणि आता परत टॉवरचं वारं. ज्याच्या गुडघ्यांना हे चढ चढायचेत त्याला लिफ्ट हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. फक्त चिकटून चिकटून असलेल्या या खोल्यांतनं कापड दोन मिनिटांत एकाकडनं दुसऱ्याकडे जातं, काज करणारा समोर, ओव्हरलॉकवाला खाली, ते पंचविसाव्या मजल्यावर कसं जमणार मला कळत नाही. आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला तेव्हा खालच्या काज-बटणवाल्या काकांचं काय झालं हे आम्हालाही नंतर कधी कळलं नाही.

उतरताना भूक कडाडून लागली. आणि इथे गंमत म्हणजे चांगशिन-दोंगच्या पायथ्याशी, दोंगम्योकडे जाताना, नेपाळी खानावळींची अख्खी गल्ली आहे. हिमालयाचे फोटो, मोमो, देवनागरी पाट्या. आठ दिवसांनी देवनागरी बघून मी पहिलं जे दार दिसलं त्यात घुसले. दालभात मागवला. वाढणारा मुलगा "दिदी, हिंदी?" म्हणाला आणि मग तो त्याच्या हिंदीत, मी माझ्या डोंबिवलीच्या. कोरियाने २००४ पासून परदेशी कामगारांसाठी परवान्याची पद्धत सुरू केली, त्यातनं पुढे नेपाळची पोरं इथे यायला लागली, कारखान्यांत, शेतांत. वरच्या शिवणखोल्यांतही आहेत का, विचारलं. आहेत म्हणे, कोरियन तरुण पोरं या कामाला येतच नाहीत, सगळ्या मावश्या साठीच्या. रविवारी लांबलांबच्या गावांतनं नेपाळी लोक इथे जेवायला येतात. डाळ पातळ होती, पण दोनदा भात घेतला.

आता दोंगम्यो. एरवी हे कुआन यू नावाच्या चिनी सेनापतीचं जुनं देऊळ, १६०१ ला पुरं झालेलं. पण लोक येतात ते देवळाच्या भिंतीबाहेर भरणाऱ्या जुन्या बाजाराला. म्हातारेच म्हातारे, जुनी घड्याळं, रेडिओ, कॅसेट, कढया, आणि कपड्यांचे ढीग. ढीग म्हणजे खरंच जमिनीवर ओतलेले, छातीएवढे, त्यात बायका-पुरुष कोपरापर्यंत हात घालून उपसतायत. मला उभ्या उभ्या एकदम सुचलं की वरच्या टेकडीवर सकाळी ज्या बाह्यांची जुडी बघितली, ती रात्री खालच्या मार्केटात जाणार, कुणीतरी घेणार, दोन हिवाळे घालणार, आणि मग इथे येऊन पडणार. कोटाचा जन्म ते ढीग, पायी वीस मिनिटं.

मीही हात घातला. एक करड्या रंगाचा लोकरीचा लांब कोट निघाला, पाच हजार वॉन म्हणजे साधारण तीनशे रुपये. घातला तर खांद्यात बसला. आणि मग माझ्या हातांनी आपोआप तो उलटा केला. आई कुठल्याही दुकानात कपडा आधी उलटा करते, बाहेरनं तर सगळेच चांगले दिसतात म्हणते. आत ओव्हरलॉक सरळ, अस्तर सुटं सोडलेलं, खालची दुमड हाताने घातलेली, बारीक बारीक टाके. घेतला.

तोच कोट पिशवीत घेऊन संध्याकाळी छॉंगग्येछॉनच्या काठाने निघाले. हा ओढा म्हणजे आधी वर स्लॅब टाकून झाकलेला, त्यावर उड्डाणपूल बांधलेला, ते सगळं काढून २००५ ला परत उघडा केला, आता काठाने जोडपी फिरतात. त्याला लागून प्योंगह्वा मार्केट, लांबच लांब इमारत. प्योंगह्वा म्हणजे शांती. उत्तरेकडनं आलेल्या निर्वासितांनी उभं केलेलं मार्केट, खाली दुकानं, वर शिवणखोल्या. चांगशिन-दोंगची टेकडी शिवायला लागली ती नंतर, इथलंच काम पुढे तिकडे घराघरांत गेलं. समोरच्या पुलावर एका तरुणाचा कमरेपर्यंतचा पुतळा आहे, पायाशी शेवंतीची पांढरी फुलं होती, बरीच, ताजी. तारीख बघितली तेव्हा लक्षात आलं, परवाच १३ नोव्हेंबर होऊन गेलेली.

चॉन थेइल. १९४८ चा जन्म, गरीब घर, शाळा अर्धवट, या मार्केटात कामाला लागला आणि पुढे कटिंग मास्तर झाला. तेव्हा वरच्या खोल्यांत मालकांनी जागा वाचवायला मध्ये फळ्या टाकून दोन मजले केलेले, म्हणजे आपला पोटमाळाच, उंची दीड मीटर, ताठ उभं राहता यायचं नाही, खिडकी नाही, लोकर-कापसाची धूळ, आणि त्यात तेरा-चौदा वर्षांच्या शिदा पोरी रोज चौदा-पंधरा तास. छातीचे आजार, डोळे जाणं. हा त्यांना बघायचा आणि बसच्या भाड्याच्या पैशातनं आप्प्यांसारखे छोटे गरम केक घेऊन द्यायचा आणि स्वतः शहराच्या उत्तर टोकाच्या घरापर्यंत चालत जायचा, तासन् तास.

मग त्याला कळलं की देशात कामगार कायदा आहे. आधीपासूनच आहे! कामाचे तास, सुट्टी, तपासणी, सगळं लिहिलेलं आहे. पुस्तक मिळवलं तर ते चिनी अक्षरांनी भरलेलं, शिकलेल्या माणसाशिवाय वाचता न येणारं. तो म्हणायचा, माझा एखादा कॉलेजातला मित्र असता तर. मला हे वाक्य त्याच्या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त लागतं. कायदा आपल्या बाजूचा आहे आणि आपल्याच भाषेत असूनही वाचता येत नाही. तरी रात्री बसून एकेक अक्षर लावत त्याने तो वाचला. १९६९ मध्ये कटिंगवाल्या मित्रांची संघटना काढली, नाव ठेवलं "मूर्खांची सभा", कारण इतके दिवस हक्क असून आपण मूर्खासारखे राबलो. कामगारांकडनं प्रश्नावल्या भरून घेतल्या, सरकारी खात्याला अर्ज दिले, पेपरात बातमी आली, आश्वासनं मिळाली, आणि काही झालं नाही. १३ नोव्हेंबर १९७० ला त्यांनी ठरवलं की ते कायद्याचं पुस्तकच मार्केटसमोर जाळायचं. पोलिसांनी निदर्शन मोडलं. तेव्हा त्याने स्वतःला पेटवून घेतलं. कायदा पाळा, आम्ही मशीन नाही, असं ओरडत तो या रस्त्यावर धावला. बावीस वर्षांचा होता.

त्याच्या आईने, ई सोसन त्यांचं नाव, मुलाला दिलेला शब्द पाळला. दोनच आठवड्यांत मार्केटातल्या शिवणकामगारांची युनियन उभी राहिली आणि त्या पुढची चाळीस वर्षं, २०११ ला वारल्या तोपर्यंत, मोर्चांत आणि पोलीस ठाण्यांत होत्या. कामगारांची आई म्हणायचे त्यांना. पुलाभोवती फुटपाथमध्ये पितळी पाट्या बसवल्यात लोकांनी पैसे देऊन, नावं आणि दोन-दोन ओळी, त्यावरनं माणसं चालत जातात, मोटरसायकलीही जातात, कापड घेऊन. माझ्यासमोर एक गेली. मी जरा बाजूला झाले.

आम्ही मशीन नाही. आणि टेकडीवर सगळा दिवस मला आईची आठवण कशाने येत होती तर मिशिंग या शब्दाने. हे दोन्ही एका दिवसात डोक्यात आलं की काय करायचं मला कळलं नाही. शिवण ही माझ्या आईची अक्कल आहे, तिची मिजास आहे, गिऱ्हाइकाने नुसता जुना ब्लाउज टाकला तरी त्या बाईची पाठ कशी आहे ते ती सांगते. त्याच मशीनने तिचे गुडघे खाल्ले, आणि दिवाळीत आम्ही तिला "आई, जेवायला वाढ ना" म्हणायचो तेव्हा ती मान वर न करता "एवढी बाही होऊ दे" म्हणायची. त्या बाहीला कधी ओव्हरटाइम लावला नाही कोणी. तिनेही नाही. दिवाळीत गिऱ्हाइकं फराळाचं ताट द्यायची, आम्हाला त्याचंच कौतुक.

विमानात कोट पांघरूनच झोपले.

डोंबिवलीला दोन दिवसांनी गेले आणि पहिलं तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मीटरवर नाही मिळत, तिकडे मापाला "मा" म्हणतात, एक मा म्हणजे एक यार्ड, ९१ सेंटीमीटर.

"म्हणजे वार!" आईचा चेहरा असा फुलला. "आपल्याकडचा गेला बघ, फक्त नऊवारीत उरला. त्यांच्याकडे आहे अजून?"

फेस मास्क, लिपस्टिक बघायचीही तिला शुद्ध नव्हती. मी कोट दिला. तीनशे रुपये म्हटल्यावर आधी ओरडली, कोणाचा मेल्याचा असेल, धुतलास का. मग चष्मा लावला, उलटा केला, ओव्हरलॉकवरनं अंगठा फिरवला, अस्तराच्या आत हात घालून खिशाची पिशवी बाहेर काढून बघितली. खालची दुमड खिडकीपाशी उजेडात धरली आणि बराच वेळ तिथेच.

"काय झालं?"

"टाके उलटे पडलेत बघ. आपण असे घालतो," तिने हवेत सुई चालवून दाखवली, "तिचे इकडनं तिकडे गेलेत. डावखुरी आहे ती."

आणि कोट मांडीवर घेऊन म्हणाली, एक बटण बदललेलं आहे याचं, तिने नाही लावलेलं ते, आण इकडे, मी नीट लावते.